पाण्यातला चढ

रत्नमालाने इंजिन सुरू केले, तसा काठावरचा यादोराव हसला. नावेत बसवलेले ते इंजिन त्याच्या जुन्या जीपचे. त्यानेच ते मोठ्या हौसेने वहिनीला दिले होते.

"वहिनी, माह्या जीपचा जीव घेतला तुमी. ऐंशीनं पळे ते. आता म्हाताऱ्या बैलावानी हापून राहिलं."

"बैल बरा, भाऊजी. मले पळाचं नाही, ओढाचं हाय."

परवा हीच नाव भाताच्या रोवणीला निघालेल्या बायांसह धरणाच्या पाण्यात, नदीची जुनी धार अजून ओढते तिथे, बंद पडली होती. आज त्या पुन्हा बसल्या होत्या, पण शेवटचेच. आज नाव थांबली तर उद्यापासून त्या दुसऱ्याच्या बांधीवर, भाताच्या शेतावर, जाणार होत्या, आणि पलीकडच्या काठावर रत्नमालाचे पऱ्हे, रोवायची रोपे, जागीच पिवळे पडणार होते.

इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, जीपचा कॅमशाफ्ट, वेगात धावण्यासाठी घडलेला. तो झडपा फार वेळ उघड्या ठेवी. वेगात ते निभे, पण पाण्याचा भार ओढत संथ फिरताना इंजिनाने घेतलेला श्वास तसाच निसटून जाई. रत्नमालाने काल भंडाऱ्याला नेऊन त्याचे झडपा ढकलणारे उंचवटे घासून घेतले होते, झडपा लवकर मिटतील असे. "मग हे गाडीत चालनार नाही," कारागिराने बजावले होते. "नाही चाललं तं नाही," ती म्हणाली होती.

"पुन्हा बंद पडली तं मले आवाज देऊ नोका," यादोराव ओरडला.

"रस्त्यावर गाडीले उतार भेटते, भाऊजी, तिथं दम घेता येते. पाण्यात सारा चढच हाय." तिने नाव सोडली.

काठ दूर गेला. जुन्या धारेने नावेचे नाक धरले. इंजिनाचा आवाज खाली उतरला, आणखी खाली, इतका की प्रत्येक ठोका आता शेवटचा वाटावा. बायांतल्या सुशीलाबाईने नावेची कड घट्ट धरली. मागून यादोरावची हाक आली, "वापस या ना, वहिनी." रत्नमालाने मान वळवली नाही. ठोके जड होते, पण एकामागून एक येत होते.

"पोहचू का वं?" सुशीलाबाईने हळूच विचारले.

"लुगडं खोसून घ्या," रत्नमाला म्हणाली. "उतराच्या जागी चिखल हाय."