पांढरा गाभा

डाव्या हाताच्या पाठीवरचा डाग आज नऊ मिलिमीटर भरला. सहा महिन्यांपूर्वी पाच होता. कलमाच्या काड्या मोजायची पट्टी तिने पुसून खिशात टाकली आणि ती पुन्हा गुलाबाच्या ओळीत वाकली.

"किती झाला?" शेजारच्या वाफ्यातून लेकीने विचारलं.

"वाढतोय. खत न घालता."

थोरले दीर छत्री उघडून बांधावर बसले होते. "आठ वर्षं ते रक्ताचं दुखणं गपगुमान बसलंय. डाग कापून त्याला कशाला डिवचतेस? रोपवाटिका सोड, घरी बस. जिरेल डाग."

गेले सहा महिने तीही स्वतःला हेच सांगत आली होती. रक्तच धड नाही, तर कापल्यावर जखम भरायची कशी? डॉक्टरांनी डागाचा तुकडा तपासला, तेव्हा मात्र स्पष्ट सांगितलं होतं, "हा कातडीचा कॅन्सर आहे. रक्तातल्या राखण करणाऱ्या पेशीच तुमच्या बिघडल्यात. उन्हाने कातडीत काही वेडंवाकडं उगवलं, तर उपटणार कोण? रक्ताच्या या कॅन्सरवाल्यांना कातडीचाही जास्त होतो, आणि पसरतो लवकर. काढून टाकू."

"बघते," म्हणून ती उठून आली होती.

समोरची फांदी शेंड्याकडून काळी पडत आली होती. काळ्याच्या खाली दोन बोटं सोडून तिने कात्री लावली. आत गाभा तपकिरी. स्पिरिटच्या फडक्याने पातं पुसून आणखी खाली कापलं. तरी तपकिरी. पुन्हा पुसलं, पुन्हा कापलं. तिसऱ्यांदा गाभा पांढरा निघाला.

"अर्धं झाड गेलं की," दीर म्हणाले.

"अर्धं राहिलं, भाऊजी."

लेकीने आणलेले हातमोजे वर्षभर तिच्या कमरेला नुसते लटकत होते. ते घालून फांदीत कलमाचा डोळा बसवता येत नाही, ही तिची तक्रार. आज तिने ते काढले, कात्रीने मोज्यांच्या दहाही बोटांची टोकं उडवली आणि ते हातांत चढवले. बोटं हलवून पाहिली. जमत होतं.

"फोन लाव इस्पितळात," ती लेकीला म्हणाली.

पलीकडून कुणीतरी काम विचारलं.

"हातावरचा डाग काढायचाय, या आठवड्यातली तारीख द्या," ती म्हणाली. "आणि डॉक्टरांना सांगा, पांढरं लागेपर्यंत कापा. हात चालता ठेवा, सोमवारपासून गुलाबाचे डोळे भरायचेत."