मैदान झालं की

तिसरा बॉलही कोपऱ्यातून आत गेला आणि शिडीने सूर मारलाच नाही. दोन पावलं सरकली, हात लांबवला, बोटांपासून वीतभर अंतरावरून बॉल जाळीत गेलेला पाहिला, आणि मग मुकाट्याने काढून परत फेकला.

"घाबरते का ती?" निवड करणाऱ्या बाईंनी विचारलं. त्या एके काळी स्वतः गोलकीपर होत्या. या क्लबच्या निवासी अकादमीत कुठली मुलगी घ्यायची, ते त्यांच्याच शब्दावर ठरत होतं.

"नाही मॅडम. ती कुणाच्या बापाला घाबरत नाही," कोच म्हणाले.

शिडी त्यांची सगळ्यात उंच आणि सगळ्यात हुशार गोलकीपर. नाव मैत्रिणींनी ठेवलेलं, पण आता घरचेही तिला त्याच नावाने हाक मारत. पुढच्या वर्षी ती इथल्या वयोमर्यादेत बसणार नव्हती. आज झालं तर झालं, नाहीतर मोठ्या क्लबांची दारं बंद.

खरं तर तिला दुसऱ्याच्या दारात आणायची वेळ यायला नको होती. कोचच्या स्वतःच्या क्लबचीही अकादमी होणार होती. शिडी दुधाचे दात पाडत होती तेव्हापासून होणार होती. आधी जागेचा वाद निघाला, मग पाण्याचा निचरा कुठे करायचा यावर घोडं अडलं, मग कंत्राटदार पळाला. नवा मिळाला तोवर कमिटी बदलली आणि नव्या कमिटीला जुना आराखडा फारच किरकोळ वाटला. असं ते भिजत घोंगडं. ऑफिसात काचेच्या पेटीत अकादमीचं मॉडेल ठेवलं होतं. त्यातलं स्पंजचं गवत तेवढं बारा महिने हिरवंगार. अध्यक्ष आल्यागेल्याला त्या मॉडेलमधली खोली न् खोली दाखवत, आणि मुलं ऑफिसच्या मागे, गाड्या लावायच्या जागेत, सिमेंटवर खेळत. सामने व्हायचे तेही मुरमाच्या मैदानांवर, छोट्या गोलचे.

पहिल्याच वर्षी त्या सिमेंटवर एका मुलाचं कोपर मोडलं. त्या दिवशी कोचनी नियम केला, की पडायचं नाही. जो सूर मारेल तो त्या दिवसापुरता घरी. शिडीने हा नियम असा काही मनावर घेतला की, मारणाऱ्याचा खांदा कुठे वळतोय ते पाहून ती आधीच तिथे जाऊन उभी राहायची. छोट्या गोलला तेवढं पुरायचं. आमची पोर कपडे न मळवता गोल वाचवते, असं कोच चारचौघांत मिरवत. सूर मारायला कधीतरी शिकवावं लागेल हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. मैदान झालं की शिकवू, असं ते म्हणत आले. अध्यक्षांना नावं ठेवता ठेवता अध्यक्षांचंच वाक्य आपल्याही तोंडी बसलं, हे त्यांना आत्ता, या परक्या गोलच्या बाजूला उभं राहून उमगत होतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"मॅडम, तिला मीच कधी पडू दिलं नाही," ते म्हणाले. "आमच्याकडे सिमेंट आहे."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. बाकीच्या मुली खोळंबल्यात, पण आणखी दोन बॉल देते, असं त्या म्हणाल्या. आवाज कोरडाच होता, पण त्यात राग नव्हता.

कोच गोलपाशी गेले. आता बिनधास्त पड, जमीन मऊ आहे, असं त्यांनी शिडीला दोनदा समजावलं. तिने मान डोलावली. बॉल आला आणि ये रे माझ्या मागल्या. गुडघे वाकले, अंग पुढे झुकलं, आणि ऐन क्षणी पायांनी जमीन सोडायला नकार दिला. "सर, होत नाहीये," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

कोचनी चष्मा काढून तिच्या हातात दिला. खिशातल्या किल्ल्या दिल्या. एवढी वर्षं ज्याला जपत आले तो उजवा गुडघा एकदा चोळला. मग या खांबाकडून त्या खांबाकडे, पोतं फेकावं तसं त्यांनी स्वतःला फेकलं. रांगेतल्या मुली फिस्सकन हसल्या. कोच उठले तेव्हा शर्टावर हिरवा डाग होता आणि कानात माती गेली होती.

"आता तू," चष्मा परत घेत ते म्हणाले.

शेवटचा बॉल बाईंनी स्वतः मारला. फार जोरात नव्हता. शिडीने डोळे घट्ट मिटले आणि सूर मारला. उशिरा, वेडावाकडा, दोन्ही हात भलतीकडेच. ती खाली पडायच्या आत बॉल रेषेपलीकडे गेलाही होता. बाईंनी नाइलाजाने नकारार्थी मान हलवली आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

शिडी उठलीच नाही. लागलं की काय म्हणून कोच लंगडत धावले. ती पालथी पडली होती आणि तळहाताने गवत दाबून पाहत होती, एकदा, पुन्हा एकदा. तिने मान वर केली. चेहऱ्यावर तक्रार नव्हती, नुसतं आश्चर्य होतं.

"सर," ती म्हणाली, "लागतच नाही."