आजोबांचे डॉक्टर

आजोबा दुपारपासून उठत नव्हते. बटण दाबलं की बारीक दिवा लागायचा, पंखा दोनदा घरघरायचा आणि पुन्हा सगळं सामसूम.

आजोबा म्हणजे घरातला जुना लॅपटॉप. त्याच्या बॅटरीनं कधीच मान टाकली होती. दोन कळा निखळल्या होत्या, त्या जागी शर्टाची बटणं चिकटवलेली होती. बिजागरी मोडल्यामुळे झाकण मागे ठेवलेल्या एका डब्याला टेकवून ठेवावं लागे. तरी गाडी चालू होती. त्याच्या दुरुस्तीवर आजवर एक छदामही खर्च झाला नव्हता आणि याचा सगळ्यात जास्त तोरा बारकीला होता.

आज मात्र बारकीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. उद्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. हृदयातून रक्त कसं फिरतं याचं हलतं चित्र तिनं सुट्टीभर खपून केलं होतं आणि ते फक्त आजोबांच्या पोटात होतं. दुसरीकडे उतरवून घ्यायचं राहून गेलं होतं.

"रडतेस काय? बाबा येऊ देत," आई म्हणाली. "त्यांनी हात लावला की दगडसुद्धा चालायला लागेल."

बाबा बाजारातल्या मोठ्या दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर बसत. घरी आले की आधी कोमट पाण्याच्या गुळण्या करत, कारण दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून घसा बसलेला असे. त्यांच्या कामाचं आईला कोण कौतुक! "दिवसभर यंत्रांशी झटापट, पण शर्टाला डाग म्हणून नाही," असं म्हणत ती दोरीवरचा पांढराशुभ्र शर्ट शेजारणीला दाखवायची. भिंतीवर 'उत्कृष्ट कर्मचारी' अशी प्रमाणपत्रं होती. आल्यागेल्याची नजर पडेल अशाच जागी तिनं ती लावली होती.

"काय म्हणतायत आजोबा?" बाबांनी आल्या आल्या विचारलं.

"उठतच नाहीयेत. संपले बहुतेक."

"असं बोलू नये. वय झालं म्हणून कुणी माणसाला टाकून देतं का? आण बघू इकडे."

त्यांनी जुनं बनियन घातलं, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि लॅपटॉप पालथा घातला. बारकी विजेरी धरून उभी राहिली. एकेक स्क्रू वाटीत पडत गेला. पंख्यातली धूळ त्यांनी जुन्या टूथब्रशनं हळुवार झाडली. मग आतली एक हिरवी पट्टी अलगद उपसून तिची सोनेरी कड उजेडात धरली.

"मेमरी आहे ही. कडेवर मळ बसला की आजोबांना काही आठवत नाही. तुझा खोडरबर दे. आणि चावलेला देऊ नकोस."

बारकीनं कंपासमधून खोडरबर काढून दिला. बाबा बाळाचे दात घासावेत तसे ती कड पुसत बसले.

"बाबा, दुकानातपण खोडरबर वापरता?"

"दुकानातलं काम वेगळं असतं," बाबा म्हणाले. "वाटी सांभाळ, स्क्रू सांडतील."

पट्टी जागेवर बसली. बाबांनी बटण दाबलं. पंखा घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला आणि पडदा उजळला. लालनिळं हृदय धडधडायला लागलं. बारकीनं बाबांच्या गळ्यात उडी मारली.

"किती खर्च आला, डॉक्टरसाहेब?" आईनं दारातून विचारलं.

"एक कप चहा," बाबा ऐटीत म्हणाले.

प्रदर्शनात आजोबा एकदाही अडखळले नाहीत. विज्ञानाच्या बाईंनी चित्राचं कौतुक केलं, पण बारकी मात्र लॅपटॉपचीच कहाणी सांगत सुटली. बटणांच्या कळा, टूथब्रश, खोडरबर, काही सोडलं नाही. "माझे बाबा कुठलाही लॅपटॉप जिवंत करतात," असं तिनं सगळ्या वर्गासमोर ठणकावून सांगितलं.

बाईंनी तिला बाजूला घेतलं. "अगं, माझाही लॅपटॉप सारखा तापतो आणि बंद पडतो. नवा घेणं मला आत्ता झेपणार नाही. बाबा बघतील का?"

"बघतील म्हणजे काय! पंख्यात धूळ असणार, बाई. बाबांना दहा मिनिटांचं काम."

शाळा सुटल्यावर दोघी दुकानात गेल्या. बारकी तिथे पहिल्यांदाच येत होती. घरच्यांनी कामाच्या जागी यायचं नाही, असा बाबांचा नियम होता. पण आज बाई बरोबर होत्या, आणि बाबांना टेबलामागे बसलेलं पाहायला तिचा जीव अधीर झाला होता.

दुकान काचेचं, थंडगार, झगमगीत होतं. टोकाला 'दुरुस्ती' अशी पाटी होती आणि पाटीखाली बाबा बसले होते. अंगात तोच पांढरा शर्ट, गळ्यात टाय. मागच्या काचेच्या खोलीतून त्यांचे साहेब बाहेर लक्ष ठेवून होते. बारकीला तर कधी एकदा बाईंना सांगते असं झालं होतं.

"हेच माझे बाबा!"

बाबा गडबडून उभे राहिले. त्यांनी बारकीकडे पाहिलं, मग मागे वळून काचेकडे पाहिलं.

बाईंनी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. "तुमची लेक तुमचं इतकं कौतुक करते, म्हणून मोठ्या आशेनं आणलाय. पंख्यात धूळ आहे म्हणते."

बाबांनी हात टेबलावरून उचलले आणि पाठीमागे घेतले. मग बारकीनं घरी कधीच न ऐकलेल्या गोड, मोकळ्या आवाजात ते म्हणाले, "मॅडम, हा आता संपला. याच्यात जीव राहिलेला नाही. नवे लॅपटॉप तिकडे डाव्या बाजूला आहेत, चला, मी स्वतः दाखवतो."

लॅपटॉपचं झाकण त्यांनी उघडलंसुद्धा नव्हतं.