ज्याची गोळी, त्याचं हरीण

"वारा डावीकडून आहे. अजून दोन क्लिक घे," दुर्बिणीवरचा डोळा न हलवता धर्मराज म्हणाला.

गिरीशने रायफलच्या दुर्बिणीवरची नेमाची चकती दोन क्लिक फिरवली, श्वास सोडला आणि चाप ओढला. दरीच्या पलीकडे, पाचशे वीस यार्डांवर, हरीण एक पाऊल पुढे आलं, गुडघ्यांवर बसलं आणि कलंडलं. आवाज समोरच्या कड्याला आपटून परत आला, तोवर सगळं संपलं होतं.

शहाऐंशीचा नोव्हेंबर. दोघेही अमेरिकेत, चँडलरच्या एकाच चिप फॅक्टरीत इंजिनिअर, सहा वर्षांचे दोस्त. रायफल गिरीशची, परवानाही त्याचाच. धर्मराजने अंतराचं आणि वाऱ्याचं गणित तेवढं करायचं, असं ठरलेलं. निघताना त्याने बायकोला, सुजाताला, तसंच सांगितलं होतं. ती नुसती भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघत राहिली.

उत्तरेकडे गाडी हाकताना चार तास गिरीशने शिकारीच्या क्लासचे नियम ऐकवले होते. ज्याची गोळी, त्याचं जनावर. मारणाऱ्यानेच ते साफ करायचं आणि मारणाऱ्यानेच ओढत गाडीपर्यंत आणायचं. इथल्या लोकांचं हेच आपल्याला आवडतं, कुठल्या कामाची लाज नाही, असंही तो म्हणाला होता.

गोळीला सेकंदही लागला नव्हता. दोघांना दरी उतरून चढायला पाऊण तास लागला. हरीण दुर्बिणीत दिसलं होतं त्यापेक्षा पुष्कळ मोठं होतं. डोळे उघडेच होते. धर्मराज त्याच्याजवळ गुडघे टेकून बसला आणि थोडा वेळ त्याने त्याच्या कपाळावर हात ठेवला. वारा आपण सांगितला होता, हे त्याला विसरता येत नव्हतं.

गिरीशने परवान्याची चिठ्ठी शिंगाला बांधली आणि चाकू काढला. ऊन चांगलंच होतं, आतडी लगेच काढली नाहीत तर मांस नासणार. पोटाला दोन बोटं लांबीची चीर गेली, आतली ऊब वर आली, आणि गिरीश चाकू टाकून झुडपामागे पळाला. बराच वेळ तो ओकत होता. तोंड पुसत आला तो लांबच बसला.

"धर्मा, तू कर ना यार. मला नाही जमत. तुमच्याकडे तर हे..."

वाक्य तिथेच थांबलं. थांबलं खरं, पण पोचायचं तिथे पोचलं होतं.

धर्मराजने उभ्या आयुष्यात कोंबडी कापली नव्हती. त्याला आधी राग नाही आला, वाईट वाटलं. हा माणूस आपल्या ताटात जेवला, आपल्या पोरीला याने खांद्यावर बसवून परेड दाखवली, आणि हे एवढंसं याच्या पोटात इतकी वर्षं कुठे दडून बसलं होतं? मग रागही आला.

"आमच्याकडे काय, गिरीश?"

गिरीशचा चेहरा पडला. तसं नव्हतं म्हणायचं, तो पुटपुटला. पण कसं म्हणायचं होतं, ते त्यालाही सांगता येईना.

"माझा आजा ओढायचा गावाची मेलेली ढोरं," धर्मराज शांतपणे म्हणाला. "मग एक दिवस त्याने ओढायचा दोर चुलीत घातला. त्यापायी गावाने वर्षभर त्याचं पाणी तोडलं, पिठाची गिरणी बंद केली. पण त्याने दोर काही परत हातात घेतला नाही. तो मी इथे येऊन घेऊ?"

त्याने पडलेल्या चाकूकडे बोट दाखवलं.

"वारा मी सांगितला. तेवढ्याचा भार माझ्यावर, तो मी बघेन. बाकी तुझं."

गिरीशच्या बॅगेत क्लासचं छोटं पुस्तक होतं. धर्मराजने ते काढलं, आतडी कशी काढायची ते पान शोधलं आणि दगडावर बसून वाचायला लागला. तो एक ओळ वाचायचा आणि थांबायचा. गिरीश गुडघ्यांवर बसून तेवढं करायचा आणि मान वर करायचा. मध्ये दोनदा तो ओकला, परत आला. "पुढे?" एवढंच विचारायचा. धर्मराज पुढची ओळ वाचायचा. एकदा गिरीशला नीट ऐकू आलं नाही, तेव्हा धर्मराजने तीच ओळ पुन्हा, सावकाश वाचली.

मग गिरीशने शिंगांना दोर बांधला, खांद्यावर घेतला आणि ओढायला लागला. धर्मराज रायफल आणि पुस्तक घेऊन पुढे चालला, सोपी वाट शोधत. हरणाचं अंग दगडांवर खरखरत मागून येत होतं. मधेच ते झुडपात अडकलं की धर्मराज थांबायचा, सुटलं की चालायचा. मागे वळून मात्र त्याने बघितलं नाही.

चढावर गिरीश थांबला. तळहात सोलले होते, छाती भात्यासारखी हलत होती. गाडी अजून अर्धा मैल लांब होती.

"तुझे आजोबा..." दम घेत त्याने विचारलं, "कुठवर न्यायचे?"

धर्मराज पहिल्यांदा वळला.

"गावाबाहेर. तुमच्या घरांपर्यंत वास येणार नाही, तिथवर."

गिरीशने खाली बघितलं. दोर दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि पुन्हा ओढायला लागला.