खाऱ्या पाण्यातला चारा

गेणबांनी टाकीतली गोगलगाय उचलली, उलटी करून तिचं पोट निरखलं आणि परत दगडावर ठेवली.

"उपाशी हाय," ते म्हणाले. "चारा सरला. मुक्काम हलवाया पायजे."

"आबा, गोगलगाई हायती त्या," शंभू म्हणाला.

"मग? त्यास्नी प्वॉट न्हाई व्हय?"

खाऱ्या पाण्याची ही टाकी शंभूनंच शिरूरच्या घरात आणली होती. कंपनीतल्या बदली झालेल्या साहेबाला ती कुणाच्या तरी गळ्यात मारायची होती, आणि शंभूनं हौसेनं गळा पुढं केला. आत दोन पट्टेरी मासे आणि समुद्रातले दगड. बघता बघता दगडांवर केसांसारखं हिरवं शेवाळ चढलं. ब्रशनं घासलं, औषध टाकलं, टाकीवर घोंगडी टाकून अंधार केला. शेवाळ दुप्पट जोमानं आलं. "एकतर हे शेवाळ ऱ्हाईल, न्हाईतर मी," मोनिकानं नवऱ्याला बजावलं. शेवटी पुण्यातल्या दुकानदारानं उपाय सांगितला. ऊन आणि जास्तीचं खाद्य मिळालं की शेवाळ माजतं, तेव्हा खिडकीला पडदा लावा, माशांना चिमूटभरच घाला, आणि या शेवाळ खाणाऱ्या समुद्री गोगलगाई घेऊन जा.

गेणबांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं, पावसाळ्याच्या तोंडावर माघारी यायचं. गुडघे गेले, मेंढरं विकावी लागली, आणि तेव्हापासून ते भिंतीकडं तोंड करून खाटेवर पडून असत. चतकोर भाकरीसुद्धा ताटात उरायची. शंभूला ते बघवत नसे.

गोगलगाई आल्या त्या दिवशी मात्र ते उठून बसले. "कोकणातल्या हायती व्हय?" म्हणाले. मोनिकाचं नेलपॉलिश मागून घेऊन त्यांनी एकेकीच्या शंखावर आपल्या कळपाची खूण केली. मग दिवसभर टाकीसमोर राखण. एखादी घसरून उताणी पडली की काठीच्या टोकानं सरळ करायचे. "आज मामांनी दुसरी भाकर मागितली," असं मोनिकानं सांगितलं तेव्हा शंभूचे डोळेच भरून आले.

आणि आता चारा सरला होता.

वरवंडच्या पोपटरावांची अशीच खाऱ्या पाण्याची टाकी हिरवीगार झाल्याचं कळलं तसं गेणबांनी पागोटं बांधलं. शंभूची मोटरसायकल, मागं आबा, मधे झाकणाची बादली. न्हावऱ्यात लिंबाखाली थांबावं लागलं, कारण कळपाला ऊन लागत होतं.

पोपटराव मोठे बागायतदार. त्यांनी बादलीत वाकून कळप नीट पाहिला.

"किती दिस बसवणार?"

"चारा हाय तवर. पायलीभर जवारी आन् दोन टायमाला भाकर."

खतासाठी शेतात मेंढरं बसवून धनगराला धान्य द्यायचा जुना रिवाजच तो. पोपटरावांनी मान हलवली. "बसवा," ते म्हणाले. शंभू दोघांच्या तोंडाकडं बघत राहिला. कुणीच हसत नाही म्हटल्यावर त्यानंही हसू गिळलं आणि तो एकटा घरी परतला.

घरची टाकी लख्ख झाली होती. तिच्यातून आरपार पलीकडची रिकामी खाट दिसायची. मोनिका सवयीनं दोन भाकरी जास्तीच्या थापायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

काही दिवसांनी फोन आला. गेणबांचा आवाज खणखणीत होता.

"हितलं सरत आलंय. मांडवगणला एक टाकी हाय म्हणं. तुज्याकडं काय उगवलंय का? असलं तर माघारी येतो, न्हाईतर फुडं सरकतो."

फोन स्पीकरवर होता. शंभूनं टाकीकडं पाहिलं. दगड टकलासारखे चकचकीत. ज्यासाठी नवस बोलायचा तेवढा बाकी ठेवला होता, ते पदरात पडलं होतं. खोटं सांगावं तर चाऱ्याच्या बाबतीत फसवलेलं आबा जन्मात विसरले नसते.

"आबा..." तो अडखळला.

मोनिका उठली. तिनं खिडकीचा पडदा सर्रकन बाजूला ओढून सगळं ऊन टाकीवर घेतलं. माशांच्या खाद्याचा डबा उघडला आणि चांगलं मूठभर पाण्यात सोडलं.

"सांगा मामांना," ती म्हणाली, "हिकडं पाऊस झालाय."