फणसापाशी वळा

"फणस पडलो गो चेडवा, गेल्या वर्षीच्या वादळात," साल्वादोर मास्तर सकाळपासून तिसऱ्यांदा वैतागून सांगत होते. कानात इअरफोन घालून, मोबाइलवरची ऑडिओ-टूर ऐकत मालवणची जुनी पेठ एकटीच पायी बघायला निघालेल्या त्या मुलीने फणस शोधत त्यांच्या दारावरून तीन चकरा मारल्या होत्या.

"पण काका, यात फणसापाशीच वळायला सांगितलंय."

"त्या मेल्या मोबाइलाक काय कळता? माझो जल्म गेलो हयसर."

"सांगणारेही इथलेच आहेत, त्यांना माहीत असणार," म्हणत तिने एक इअरफोन मास्तरांच्या कानाशी धरला.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या पोरांनी रेकॉर्ड करून नेलेला त्यांचाच आवाज ठणकावत होता, "फणसापाशीच वळा. वाटेत कोण कायव सांगतलो, आयकू नकात."