बकुळीची हरकत

बकुळीच्या बुंध्याला लावलेल्या यंत्रावरचा हरकतीचा लाल दिवा तिसऱ्या सुनावणीतही विझेना, तसा सुमतीबाई बिवलकरांचा धीर सुटला. सोसायटी पाडून नवी बांधायची, तर बकुळ शेजारच्या बागेत हलवायला हवी. आणि झाडाची स्वतःची हरकत असेपर्यंत परवाना नाही, हा पालिकेचा नवा नियम. सव्वीस कुटुंबं दोन वर्षं भाड्याच्या घरांत ताटकळत होती, आणि सेक्रेटरी म्हणून सगळ्यांची बोलणी बाईच खात होत्या.

"हलायला तिची ना नाही," आज पहिल्यांदाच आलेले वृक्ष अधिकारी गावंडे यंत्रावरची रेघ निरखत म्हणाले. "पण इथे तिला काहीतरी खुपतंय." त्यांनी खांद्याच्या उंचीवरच्या एका गाठीवर बोट ठेवलं.

सुमतीबाई चपापल्या. लग्न होऊन आल्या त्याच आठवड्यात, कपड्यांची दोरी बांधायला त्यांनी तिथे खिळा ठोकला होता. पुढे दोरी गेली, सालीने खिळा पोटात घेतला आणि बाई विसरूनही गेल्या.

"माझंच काम ते," त्या हळूच म्हणाल्या.

गावंड्यांनी साल अलगद सोलली आणि पक्कडीने गंजका खिळा ओढून काढला. थोड्या वेळाने दिवा हिरवा झाला. बाईंनी उघड्या पडलेल्या गाठीवर हात ठेवला.

"चाळीस वर्षं सोसलंस बाई," त्या बकुळीला म्हणाल्या, "पण कधी बोलली नाहीस."

"विचारलं कुठे होतं कोणी," परवान्यावर सही करता करता गावंडे म्हणाले.